पडघान साहेबांची एक्केचाळीस दारं

पडघान साहेब पोर्टचे नंबर मराठीत म्हणायचे. चारशे त्रेचाळीस. तेहतीसशे एकोणनव्वद. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पन्नाशीच्या पुढचे मराठी आकडे मला आजही मनात उलगडून घ्यावे लागतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी 'एकोणनव्वद' म्हटलं की मी मान हलवायचे आणि टेबलाखाली बोटं मोजायचे. त्यांच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

"काऊन वं, कॉन्व्हेंटमधी पाढे शिकवत नाहीत काय?"

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती पत्र्याच्या शेडमध्ये का भरत असेना. त्या दिवसापासून मी हॉस्पिटलात 'कॉन्व्हेंट' झाले. मला राग आला नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला एखादं नाव मिळालं की बरं असतं, लोक बाकी काही विचारत नाहीत.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं, चिखली तालुक्यातलं. जिन्याखालच्या खोलीवर 'आयटी विभाग' अशी पाटी होती आणि विभागात आम्ही दोघंच. साहेब मूळचे इथे एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला लागले होते. मग फिल्म गेली, कॉम्प्युटर आले, आणि कॉम्प्युटरची भीती न वाटणारा हॉस्पिटलात एकच माणूस निघाला. शिकले ते सगळं पुस्तकं चाळत, चुकत, दुरुस्त करत. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, आणि टेस्टरशेजारी कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे. सर्व्हरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे. आत गेल्यावर सर्व्हरच्या पाठीवर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. भिंतीवर तापमान दाखवणारी पट्टी होती, तरी.

"पट्टी खोलीचं सांगते," ते म्हणायचे. "ह्याचं हाताले समजते."

त्या खोलीत फायरवॉल होती. हॉस्पिटलचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला जिथे जोडलेलं असतं, तिथे बसवलेली एक पेटी. बाहेरून आत यायला हजारो नंबरांची दारं असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात. कोणत्या दारातून कोणी यायचं हे पेटीत नियम लिहून ठरवायचं. नियम नसेल ते दार बंद. साहेबांच्या पेटीत एक्केचाळीस नियम होते. मी आले तेव्हा एक्केचाळीस, माझ्या आधी कित्येक वर्षं एक्केचाळीस.

कारण त्यांची पद्धत. नवीन नियम हवा असेल तर जुना एक बंद झाला पाहिजे. हे त्यांनी उंद्री गावातल्या त्यांच्या मळ्यातून आणलं होतं. वडील कांदा लावायचे. वाफ्यांना पाणी देताना पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं आणि तिथून निघालेली माती मागच्या वाफ्याच्या तोंडावर दाबायची. तीच माती, तेच फावडं.

"दोन तोंडं संगं उघडी राह्यली तर दोन्ही वाफे उपाशी. अन् एखादं इसरलं, तं शेजाऱ्याचं वावर वाहून जाते, मग चार वर्षं बोलत नाही तो." हे सांगताना त्यांचा हात हवेतच माती दाबायचा.

मला हे पटत नव्हतं. नियम किती आहेत यावर सुरक्षितता ठरत नाही, असं मी शिकले होते. पण मी बोलले नाही. मी बोलतच नसे.

नियमांची एक वही होती, लाल कापडी बांधणीची, हातभर लांब. दाराचा नंबर, कोणासाठी, कुठून, कशाला, कधीपर्यंत. खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एक सरळ रेघ, शेजारी सही. थोड्या वेळापुरतं दार उघडलं की त्या पानाला चिमटा लागायचा आणि दार बंद झालं की चिमटा खिशात परत. संध्याकाळी घरी जाताना ते खिसा चाचपायचे. दोन चिमटे हाताला लागले की गाडीला किक.

एकदा सीटी मशीनवाल्या कंपनीचा इंजिनियर आला होता. म्हणाला, "एक तास सगळं ओपन करून द्या ना सर, टेस्टिंग करतो."

"नंबर कोणता?"

"सगळेच द्या, मग मी बघतो कोणता लागतो."

"तुमी तुमच्या घरी सगळे दरवाजे उघडून पाहता काय, सासरा कोणत्या दरवाज्यातून येते म्हून?"

इंजिनियर हसला. साहेब हसले नाहीत. त्याला चहा पाजला, मग दुसरा पाजला. तिसऱ्या चहाला त्याने कंपनीत फोन करून नंबर विचारला.

दुसरा प्रसंग व्यवस्थापकांचा. हॉस्पिटलचे कॅमेरे त्यांना घरी बसून मोबाईलवर पाहायचे होते. साहेब म्हणाले, "देतो ना साहेब. बंद कोणतं करू?"

"बंद कशाला करायचं?"

"एक उघडलं का एक दाबा लागते. तुमीच सांगा." आणि लाल वही त्यांच्यापुढे ठेवली.

व्यवस्थापकांनी बोट ठेवत एक्केचाळीसही ओळी वाचल्या. रक्तपेढी, रुग्णवाहिका, लॅबचं मशीन, प्रत्येकापुढे कोणाचं तरी नाव. त्यांनी वही मिटली. "राहू द्या."

"चहा सांगू काय साहेब?"

व्यवस्थापक तो चहा विसरले नाहीत, असं मला पुढे वाटलं.

दर गुरुवारी मोजणी असायची. साहेब वहीतल्या ओळी मोजायचे, मी पेटीतली यादी पडद्यावर सरकवत मोजायचे.

"किती?"

"एक्केचाळीस."

"माह्याकडंही एक्केचाळीस." मग वहीच्या शेवटच्या पानावर एक बारीक बरोबरची खूण.

जूनअखेर ते निवृत्त होणार होते. मागच्या बाजूला नवीन इमारत उभी राहत होती. तिच्यातल्या सगळ्या वायरींचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, चार रंगांच्या पेनांनी. जेवण झालं की मला घेऊन त्या उघड्या सळयांमध्ये जायचे आणि नसलेल्या भिंतीकडे बोट दाखवायचे. "हे इथून जाईन. अन् इथं आपली खोली. खिडकीवाली." ट्रस्टने त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं तोंडी कबूल केलं होतं. पत्र मे महिन्यात निघणार होतं. ते हे कोणाला सांगत नसत, पण नकाशातल्या त्या खोलीत त्यांनी दोन टेबलं काढली होती.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी पार्किंगमागच्या कडुनिंबाखाली माझा लॅपटॉप घेऊन बसले होते. एका परीक्षेची तयारी चालली होती. बाहेरून पाहिलं तर एखाद्या जाळ्याची कोणती दारं उघडी दिसतात, हे तपासायचा धडा होता. नेट माझ्या मोबाईलचं. सरावाला इंटरनेटवरचा एखादा आकडी पत्ता हवा होता आणि मला पाठ असलेला पत्ता एकच, हॉस्पिटलचा. परवानगी न घेता असं करायचं नाही, हे त्याच धड्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. तरी मी केलं.

दोन दारं उघडी दिसायला हवी होती, ती जगासाठीच असतात. तीन दिसली. तिसरं, तेहतीसशे एकोणनव्वद.

हे दार साधं नाही. त्यातून शिरलेला माणूस लांब बसून समोरचा कॉम्प्युटर आपलाच असल्यासारखा वापरू शकतो. आणि आमच्या त्या दारामागे एक्स-रे आणि सीटीचा सर्व्हर होता. हजारो माणसांची नावं, वयं, दुखणी, चित्रं. शिरणाऱ्याने ते सगळं कुलूपबंद करून टाकलं तर हॉस्पिटल एका क्षणात आंधळं होतं. हे दार उघडं होतं हे मला ठाऊक होतं, पण फक्त डॉ. चांदूरकरांसाठी. त्या नागपुरात राहून आमचे सीटी वाचायच्या. वहीत सत्ताविसावी ओळ: 'तेहतीसशे एकोणनव्वद. डॉ. चांदूरकर. नागपूरच्या घरून. सीटी पाहण्यास. कायम.' त्यांचं घर सोडून ते दार कोणाला दिसायलाच नको होतं. माझा मोबाईल म्हणजे त्यांचं घर नव्हे.

मी पुन्हा तपासलं. मग पुन्हा. घड्याळात दीड वाजला होता.

आत आले, वही पाहिली, पेटीतली यादी पाहिली. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस. साहेब भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले होते. त्यांनी नेहमीसारखी शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. मी घास मोडून तसाच ठेवला. न विचारता तपासल्याबद्दल ते काय म्हणतील, ही एक भीती. आणि माझंच चुकलं असणार, ही दुसरी. पडघान साहेबांच्या पेटीत चूक सापडणं मला शक्यच वाटत नव्हतं. ते जेवले, हात धुऊन आले, नवीन इमारतीत चक्कर मारून आले. मी दीड तास गप्प बसले.

तीन वाजता मी म्हणाले, "साहेब, एक दाखवायचं होतं."

त्यांनी चष्मा लावून माझा लॅपटॉप पाहिला. "कुठून पाह्यलं हे?"

"बाहेरून. माझ्या मोबाईलच्या नेटवरून."

"कोनं सांगतलं होतं?"

"कोणीच नाही."

मी ओरडा खायची तयारी करून उभी होते. ते चपला काढून सर्व्हरच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून पेटीसमोर बसले आणि सत्ताविसाव्या नियमावर त्यांनी क्लिक केलं. यादीत नियमाचा फक्त नंबर आणि नाव दिसतं. 'कुठून' हा रकाना क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. इतक्या गुरुवारी आम्ही ओळी मोजल्या होत्या, एकही उघडून पाहिली नव्हती. तिथे नागपूरच्या घरच्या नेटचा पत्ता नव्हता. तिथे लिहिलं होतं: कुठूनही.

साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"पोळा," ते म्हणाले.

मग तुटक तुटक सांगितलं. पोळ्याच्या दुपारी ते उंद्रीला होते. बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली होती. फोन आला की एका बाळंतिणीचं सीटी झालंय आणि डॉक्टर मॅडमना आत शिरता येत नाही. त्यांच्या घरच्या नेटचा पत्ता कंपनीने बदलला होता, नवीन कोणता ते त्यांना सांगता येईना. साहेब नव्या धोतरात मोटारसायकलवर हॉस्पिटलला आले. अर्ध्या तासापुरतं 'कुठूनही' केलं. रिपोर्ट आला, बाईला अकोल्याला हलवलं. तिकडे गावात तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या उभ्या होत्या आणि घरातल्या मोठ्या माणसाशिवाय यांची जोडी हलत नव्हती. भावाचे फोनवर फोन, ते तसेच परत फिरले. वही कपाटात, कपाटाची किल्ली घरच्या सदऱ्यात.

"चिमटे?" मी विचारलं.

"धोतराले खिसा असते काय?" ते म्हणाले.

म्हणजे 'कुठूनही' आठ महिने तसंच होतं. साहेब तो नियम बंद करायला माउसकडे हात नेत होते, तेवढ्यात तिथल्या टेबलावरचा फोन वाजला. अपघात विभागातून सुनंदा सिस्टर होत्या. त्यांचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

"पडघान साहेब, सीटीचं सगळं चालू आहे ना? मोटारसायकलवरून पडलेली बाई आहे, डोक्याला मार आहे. चांदूरकर मॅडम आताच आत शिरल्या, पाहून राह्यल्या. काही बंद करू नका बरं."

"मॅडम घरी हायेत काय?"

"नाही हो. गाडीत आहेत, अमरावतीला चालल्या लग्नाला. मोबाईलच्या नेटवर पाहतात."

मोबाईलचं नेट म्हणजे पत्ता घडीघडीला बदलणार. एकाच पत्त्याला दार ठेवता येणार नव्हतं. सीटीची तीनशेच्या वर चित्रं, फोनवर फोटो पाठवून भागणारं नव्हतं. दार उघडं ठेवायचं तर सगळ्या जगाला उघडं. बंद करायचं तर त्या बाईच्या डोक्यात काय झालंय ते कोणी सांगायचं?

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. "सिस्टर, फोन चालूच ठेवा. किती वेळ लागन?"

"पंधरा-वीस मिनिटं म्हणतात."

त्यांनी सर्व्हरची नोंद पडद्यावर उघडली. दारावर कोणी कोणी टकटक केली याची ती यादी. मी तशी यादी कधी पाहिली नव्हती. दर दोन-तीन सेकंदांना एक नवीन ओळ. अनोळखी पत्ता, कुठलं तरी नाव, चुकीचा पासवर्ड, नापास. पुन्हा दुसरा पत्ता, नापास. कोणीतरी, कुठूनतरी, आत्ता या क्षणी कुलपाला किल्ल्या लावून पाहत होतं. आणि हे आठ महिने चाललेलं असणार.

साहेब रिसीव्हर घेऊनच उठून सर्व्हरच्या मागे गेले. नेटची वायर जिथे खोचलेली असते तिथे, लागलीच उपटता येईल अशी, दोन बोटं ठेवली. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. पास का नापास तेवढंच."

"नापास," मी म्हणाले.

"मले ऐकू आलं नाही."

"नापास! नापास. नापास."

मी शाळेत कधी वर्गात उभं राहून वाचलं नव्हतं. त्या खोलीत पंख्याच्या घरघरीवर माझा आवाज मलाच परका वाटत होता. नापास. नापास. चार मिनिटं झाली. सात झाली. साहेबांच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत येऊन थांबला होता आणि तो पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. एका हातात वायर, दुसऱ्या हातात रिसीव्हर.

"नापास. नापास. पास."

त्यांची बोटं आवळली. "कोण?"

"नाव चांदूरकर मॅडमचंच आहे. पण पत्ता वेगळा आहे. आधीचा नाही."

मॅडम पुन्हा शिरल्या होत्या, किंवा मॅडमचा पासवर्ड कोणाला तरी सापडला होता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

"सिस्टर," साहेब रिसीव्हरमध्ये म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "मॅडमले विचारा, आत्ता त्यायचं नेट तुटलं होतं काय?"

पलीकडे सिस्टर दुसऱ्या फोनवर विचारत होत्या. वायर निम्मी बाहेर आलेली मला दिसत होती. अजून एक ओळ आली. मी "नापास" म्हणाले ते बहुतेक ओठांतच.

"हाव म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "घाटात रेंज गेली होती, आता लागली परत."

साहेबांनी वायर दाबून बसवली. "वाच."

रिपोर्ट यायला आणखी नऊ मिनिटं लागली. डोक्यात रक्तस्राव होता, लगेच हलवायला हवं होतं. रुग्णवाहिकेचा भोंगा फाटकातून बाहेर पडलेला ऐकू आला, तेव्हा साहेब पुढे आले आणि त्यांनी 'कुठूनही' पुसलं. पडद्यावरच्या ओळी थांबल्या. त्या बाईचं ऑपरेशन वेळेत झालं, असं आम्हाला तीन दिवसांनी कळलं.

त्यांनी घाम पुसला नाही, पाणी प्यायलं नाही. सगळ्यात आधी कपाट उघडून लाल वही काढली. नवीन पानावर लिहायला घेतलं. काय सापडलं. कोणाच्या चुकीने: तिथे स्वतःचं पूर्ण नाव. कोणाला सापडलं: तिथे माझं पूर्ण नाव. ते त्यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"कधी सापडलं?"

"तीन वाजता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि 'दुपारी तीन' लिहिलं. मग शेवटचा रकाना आला: 'आत कोणी आलं होतं का?' तो त्यांनी मोकळा सोडला.

पुढचे दोन दिवस आम्ही तेवढंच शोधत होतो. सर्व्हरवर काही नवीन बसवलंय का, काही बाहेर गेलंय का. काही सापडलं नाही. पण टकटक करणारे इतके होते की नोंदीची जागा दोन दिवसांतच भरून जायची आणि जुन्या ओळी पुसल्या जायच्या. आठ महिन्यांपैकी आम्हाला दिसत होते दोन दिवस.

शुक्रवारी व्यवस्थापकांनी बोलावलं. ट्रस्टींना अहवाल द्यायचा होता. मी दारापाशी उभी होते.

"पडघान, चूक तुम्ही कबूल केली, चांगलं झालं. माणूस आहे, चुकतो. फक्त हा शेवटचा रकाना भरा. आत कोणी आलं नव्हतं, एवढं लिहा."

"साहेब, दोन दिवसांत कोणी आलं नाही. आधीचं मले माहीत नाही."

"काही चोरीला गेलंय का? काही बिघडलंय का? नाही ना. मग 'नाही' लिहा. बैठकीला तुमच्या पत्राचाही विषय आहे. 'माहीत नाही' वाचलं की ट्रस्टी काय म्हणतील, मी सांगायला पाहिजे का?"

साहेबांनी वही टेबलावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि उभ्यानेच लिहिलं. मला वाटलं, 'नाही' लिहितील. मला तसं व्हायला हवं होतं, हेही खरं. खिडकीवाली खोली माझीही होती.

त्यांनी लिहिलं: 'माहीत नाही.' खाली सही.

व्यवस्थापक म्हणाले, "एका शब्दाचा प्रश्न होता हो."

"हाव ना साहेब," पडघान साहेब म्हणाले. "तोच तं घोळ आहे."

मे महिन्यात पत्र निघालं नाही. बाहेरून तपासायला एक कंपनी बोलावली. त्यांनी चांगल्या कागदावर, रंगीत तक्ते काढून, हेच सांगितलं की आधीच्या काळाबद्दल खात्रीने सांगता येत नाही. जूनच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवला, चपला घातल्या, खिसा चाचपला आणि मग दोन्ही चिमटे काढून माझ्या टेबलावर ठेवले. नारळ आणि शाल घेऊन झाल्यावर ते नवीन इमारतीकडे गेले नाहीत. सरळ गाडीकडे गेले.

डिसेंबरात मी उंद्रीला गेले. निमित्त नकाशाचं होतं. हिरव्या पेनाने काढलेली एक वायर कुठे संपते ते कोणाला कळत नव्हतं. खरं कारण माझ्या पिशवीत होतं, लाल कापडी बांधणीचं.

मळ्यात कांद्याला पाणी चाललं होतं. साहेब धोतर खोचून, चिखलात पाय रोवून उभे होते, हातात फावडं. मला पाहून म्हणाले, "ये कॉन्व्हेंट! चप्पल काढून ये, नाहीतर इथंच ठेवा लागन तुले."

नकाशाचं त्यांनी एका मिनिटात सांगितलं. ती वायर पुढच्या मजल्यासाठी राखून ठेवलेली होती. मग विचारलं, "बाहेरून पायतेस ना?"

"दर गुरुवारी. कडुनिंबाखालून. आणि आत येऊन प्रत्येक नियम उघडून."

"किती हायेत आता?"

"त्रेसष्ट." मी बोटं न मोजता म्हणाले. त्यांना हसू आलं, पण कशाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

"इथे वाफे किती आहेत?" मी विचारलं.

"मोजले नाही." त्यांनी पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं, माती मागच्यावर दाबली.

पाणी वळलं. मी बांधावर उभी होते. इतके महिने घोळवलेलं वाक्य अखेर तोंडातून निघालं. "साहेब, मला ते तीन वाजता नव्हतं दिसलं. दीडलाच दिसलं होतं. मी दीड तास बोलले नाही. त्या दीड तासात कोणी आलं असेल तर..."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "तू त्या दिवशी भाकर खाल्ली नाही."

"मग तुम्ही तीन कसं लिहिलं?"

"तू सांगतलं ते लिहिलं. दीडचं मी कसं लिहू? मी पाह्यलं होतं काय?" फावड्याला चिकटलेली माती त्यांनी बोटाने काढली. "वही तुह्याकडंच आहे ना?"

मी पिशवीकडे पाहिलं. ते फावडं खांद्यावर टाकून बांधाबांधाने निघाले, पाणी शेवटपर्यंत पोचतंय का ते पाहायला.

मी बांधावर बसून ते पान उघडलं. 'तीन'वर एक सरळ रेघ मारली, शेजारी 'दीड' लिहिलं आणि सही केली. वर मान केली तेव्हा ते मळ्याच्या पार टोकाला पोचले होते, शेजाऱ्याच्या बांधाला लागून. तिथपर्यंत पाणी अजून गेलेलं नव्हतं. ते खाली वाकले, ओलाव्याची वाट पाहत असलेल्या मातीवर त्यांनी तळवा टेकला आणि तसेच थांबून राहिले.